डुकराला दुखापत झाली, वेदना आहेत: कोल्हापूर भागातल्या वराहपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोळ, हातकणंगले, कागल, गडहिंग्लज या भागातून गेली काही वर्षं मला डुकरांच्या दुखण्याबद्दल फोन येतात. मी डॉक्टर नाही, डुकरं पाळणारा शेतकरी आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. औषधांचे आकडे दिलेत ते डॉक्टरांशी बोलताना तुम्हाला नीट समजावं म्हणून. औषध कोणतं आणि किती, हे त्यांनीच ठरवायचं. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे, तो शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

1. डुकराला दुखतंय हे ओळखायचं कसं? नुसता हात लावला तरी ते ओरडतंय.

त्या ओरडण्यावर जाऊ नका. धरलं की डुक्कर भीतीनं ओरडतं. खरं दुखणारं डुक्कर बहुतेक वेळा गप्प असतं. सकाळी बादलीचा आवाज झाला की सगळी गव्हाणीकडं धावतात. त्या वेळी मागं कोण राहिलं ते बघा. उठताना पुढचे गुडघे टेकून थांबणं, अर्धवट उठून कुत्र्यासारखं बसून राहणं, पाठीची कमान, अर्धे मिटलेले डोळे, मागं पडलेले कान, दात खाणं, एका पायावरचा भार सारखा दुसऱ्या पायावर टाकणं, कळपापासून लांब भिंतीकडं तोंड करून पडणं, ही सगळी दुखण्याची लक्षणं.

आमच्याकडची एक यॉर्कशायर मादी खांद्याच्या जखमेनं बेजार होती. खात होती, म्हणून मी निर्धास्त होतो. पण खाताना ती मध्येच थांबायची आणि घास तोंडात तसाच धरून उभी राहायची. तो धरलेला घास मला पहिल्या दिवशी दिसला, त्याचा अर्थ तिसऱ्या दिवशी कळला. तेव्हापासून मी खाद्य टाकून लगेच निघून जात नाही, पाच मिनिटं उभा राहतो.

2. डॉक्टरांना फोन करण्याआधी काय बघून ठेवू?

ताप, श्वास, वजन आणि चाल. थर्मामीटरला दोरा बांधून तो गुदद्वारात हलकेच घाला आणि पूर्ण वेळ धरा. मोठ्या डुकराचं तापमान साधारण 38.5 ते 39.5 सेल्सियस, म्हणजे 101 ते 103 फॅरनहाइट असतं. पिल्लांचं थोडं जास्त भरतं. चैत्र-वैशाखातल्या दुपारी पत्र्याखाली मोजलं तर आकडा वाढलेला येईल, कारण डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. सावली करा, अंगावर साधं पाणी मारा आणि अर्ध्या तासानं परत मोजा. शांत पडलेलं मोठं डुक्कर मिनिटाला 10 ते 20 श्वास घेतं.

सपाट जागेवर चालवून बाजूनं आणि मागून मोबाइलवर व्हिडिओ काढा. शेवटचं कधी खाल्लं, पाणी पितंय का, गाभण आहे का, आधी काय टोचलंय, बाकीच्यांत कुणाला असंच होतंय का, हे सांगा. आपल्याकडच्या डॉक्टरांचा बहुतेक दिवस गाई-म्हशींत जातो, त्यामुळं पहिल्याच वाक्यात “डुक्कर आहे, वजन इतकं” असं सांगितलेलं बरं.

3. वजनकाटा नाही. वजनाचा अंदाज कसा काढू?

पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सुतळीनं घ्या. मग दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी घ्या. दोन्ही मापं मीटरमध्ये करा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले 69.3, हे झालं किलोतलं वजन. घेर 1.1 आणि लांबी 1.2 मीटर असेल तर साधारण 100 किलो. नुसत्या नजरेचा अंदाज बऱ्याचदा चुकतो, आणि औषधाचा डोस त्याच्याबरोबर चुकतो.

4. वेदनाशामक कोणतं द्यावं आणि किती?

आमचे डॉक्टर बहुतेक वेळा मेलॉक्सिकॅम देतात. डुकरासाठी त्याचं माप किलोला 0.4 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, मानेच्या स्नायूत. गरज वाटली तर 24 तासांनी दुसरा डोस. मिलीला 5 मिलिग्रॅम ताकदीच्या बाटलीतून 100 किलोच्या डुकराला 8 मिली होतं. बाजारात वेगळ्या ताकदीच्या बाटल्याही असतात, म्हणून लेबल वाचल्याशिवाय सुईत भरू नका. पाणी तुटलेल्या किंवा पाणी न पिणाऱ्या जनावराला आधी थोडं थोडं पाणी द्या, नाहीतर मूत्रपिंडावर येतं. डेक्सामेथासोनसारख्या स्टिरॉइडबरोबर हे औषध द्यायचं नाही.

डुकराच्या पोटात अल्सर लवकर होतो, हे मी किंमत मोजून शिकलो. एका लंगड्या नराला बरं वाटतंय असं बघून मी कुणाला न विचारता सहा दिवस इंजेक्शन चालू ठेवलं. खाणं कमी झालं होतं, तिकडं लक्ष दिलं नाही. सहाव्या दिवशी विष्ठा डांबरासारखी काळी झाली आणि सातव्या दिवशी नर गेला. काळी विष्ठा, फिकट पडलेलं अंग किंवा दात खाणं दिसलं की औषध थांबवा आणि फोन करा.

इंजेक्शनाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागा. दुखणाऱ्याला वेगळ्या कप्प्यात ठेवा, पाणी आणि खाद्य तोंडाजवळ, खाली जाड अंथरूण. अंथरुणाला उसाचं पाचट घालू नका, त्याच्या कडा जखमेला कापतात. भाताचं पिंजर चांगलं. दुखणं थांबलं की डुक्कर मोडका पायसुद्धा टेकायला बघतं, म्हणून औषध दिल्यावर तर ते वेगळंच हवं.

5. गाईसाठी आणलेलं जुनं इंजेक्शन घरात आहे. ते चालेल का?

बाटलीवर डायक्लोफेनॅक, केटोप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक किंवा निमेसुलाइड लिहिलं असेल तर अजिबात नको. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली, केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅकवर 2023 मध्ये आणि निमेसुलाइडवर 2024 च्या शेवटी. अशी औषधं दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्या देशातली गिधाडं याच कारणानं जवळजवळ संपली. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक ॲसिड गिधाडांना सुरक्षित आहेत. औषध कोणतंही दिलेलं असो, मेलेलं डुक्कर ओढ्याकाठी टाकू नका, खोल पुरा.

6. माणसाची गोळी गुळात घालून दिली तर?

आयबुप्रोफेन नको, आणि ते ज्यात मिसळलेलं असतं त्या गोळ्याही नकोत. पोटाला घातक. पॅरासिटामॉल काही वेळा डॉक्टर देतात, पण डुकराचं माप माणसाच्या मापावरून काढता येत नाही, त्यांना विचारा. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली असेल तर गूळ उत्तमच. लिंबाएवढा मऊ गूळ घ्या, आधी एक गोळा नुसता द्या, दुसऱ्यात औषध घाला आणि तिसरा परत नुसता. गव्हाणीत टाकून जाऊ नका, शेजारचं खाईल.

ओरडणाऱ्या डुकराच्या तोंडात पातळ औषध कधीही ओतू नका. ओरडताना श्वासनळी उघडी असते, औषध फुप्फुसात जातं आणि जनावर दगावतं.

7. इंजेक्शन कुठं टोचायचं? मांडीत टोचलं तर काय बिघडतं?

मांडीत टोचल्यानं गळू होतं, शिरेला धक्का लागून पाय अधू होऊ शकतो आणि विकायच्या वेळी तोच भाग खराब निघतो. जागा मानेवर, कानाच्या बुडाच्या थोडं मागं, सुई कातडीला काटकोनात. मोठ्या डुकराला 16 गेजची दीड इंची, मधल्याला 18 गेजची एक इंची, पिल्लाला 21 गेजची लहान सुई. मोठ्याला एका जागी 10 मिलीपेक्षा जास्त नको, उरलेलं दुसऱ्या बाजूला. सुई तुटून आत राहिली तर त्या डुकराला खूण करा आणि घेणाऱ्याला सांगा.

फळीनं कोपऱ्यात अडवून बऱ्याचदा काम होतं. नाहीच झालं तर दोरीचा फास वरच्या जबड्यावर, सुळ्यांच्या मागं, आणि तोही दोन-तीन मिनिटांसाठीच. कान किंवा शेपूट धरून ओढू नका. उन्हाळ्यात ही सगळी झटापट सकाळी उरकून घ्या.

8. जखम धुवायची कशानं? हळद भरू का?

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं 10 मिनिटं सलग दाबून धरा. मधेमधे उचलून बघू नका. मग एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात 9 ग्रॅम म्हणजे सुमारे दीड चहाचा चमचा मीठ घाला, आणि मोठ्या सिरिंजनं जखमेत जोरात सोडा. माती, केस, खडे निघेपर्यंत. नंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाचं करून लावा. फिनेल, चुना, रॉकेल, जळकं ऑइल यांनी जिवंत मांस जळतं. वरवरच्या खरचटीला हळद चालेल, खोल जखमेत भरू नका. ती आत चिकटून बसते आणि खालचा पू दिसत नाही.

ऊस तुटल्यावर फडात सोडलेल्या डुकरांच्या पायात आणि पोटावर बुडख्यांचे खुंट घुसतात. बाहेरून भोक बोराएवढं, आत बोटभर खोल. अशी जखम शिवायची नसते, आतून भरत यावी लागते. धनुर्वाताची भीतीही अशाच जखमेत जास्त, म्हणून डॉक्टरांना दाखवा. स्वच्छ कापलेली मोठी जखम मात्र शिवता येते, पण सहा-आठ तासांच्या आत.

9. जखमेत अळ्या पडल्यात.

टर्पेंटाइन तेलात भिजवलेला बोळा थोडा वेळ जखमेच्या तोंडाशी धरा, अळ्या वर येतात. त्या चिमट्यानं एकेक काढा, मग प्रश्न 8 प्रमाणे धुवा. दुसऱ्या दिवशी परत बघा, एका दिवसात सगळ्या निघत नाहीत. डॉक्टर अळ्या मारणारं आयव्हरमेक्टिन कातडीखाली देतात, डुकराला किलोला 0.3 मिलिग्रॅम. कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल जखमेच्या कडेनं लावलं की माश्या कमी बसतात. अळ्यांच्या जखमेचं दुखणं फार असतं. वेदनाशामक राहून जातं, ते मागून घ्या.

10. कुत्र्यानं चावलंय. जखम छोटी आहे, सोडून देऊ का?

नाही. हातमोजे घालून साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात सांगा. रेबीज डुकरालाही होतो. चावल्यानंतरची लस जनावरांनाही देतात, तिचे डोस ठरलेल्या दिवशीच व्हावे लागतात. ते डुक्कर कापू नका, विकू नका. तुमच्या हाताला चीर असेल आणि लाळ लागली असेल तर तुम्हीही सरकारी रुग्णालयात जा.

11. डुक्कर लंगडतंय. सुरुवात कुठून करायची?

खुरापासून. पाय धुवा, मग बघा. खिळा, खडा, चिरलेलं खूर, खुराच्या वरच्या कडेला सूज. त्यानंतर हाताची पाठ प्रत्येक सांध्यावर ठेवा आणि दुसऱ्या बाजूच्या सांध्याशी ताडून बघा, गरम कुठला लागतो ते. खूर चिरतं ते बहुतेक कोब्यामुळं. नवा कोबा खरखरीत असेल तर खूर घासतं, जुना गुळगुळीत झाला की पाय फाकतात. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर शिरोळ भागात ज्यांची डुकरं दिवसेंदिवस पाण्यात उभी होती, त्यांनी मला खुरांचे फोटो पाठवले होते. भिजलेल्या पावासारखं झालेलं खूर, बोट दाबलं तर आत जात होतं. अशा वेळी आधी कोरडी उंच जागा, मग 5 टक्के मोरचुदाच्या पाण्यातून पाय बुडवून काढणं. 10 लिटरला अर्धा किलो मोरचूद. ते पाणी डुकरांना पिऊ देऊ नका.

अंगावर शंकरपाळ्याच्या आकाराचे लाल उंचवटे, ताप आणि आखडलेली चाल दिसली तर तो एरिसिपेलस, म्हणजे जिवाणूंचा रोग. पेनिसिलिननं तो लवकर आटोक्यात येतो, पण डॉक्टर त्याच दिवशी हवेत. आठ-पंधरा दिवसांच्या पिल्लाचे सांधे सुजले तर रोग बेंबीतून किंवा खरचटलेल्या गुडघ्यातून आत शिरलेला असतो.

हॉटेलचं उरलेलं अन्न घालणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक. नुसत्या भात-भाकरी-रश्श्यावर वाढलेल्या डुकराला कॅल्शियम आणि फॉस्फरस पुरत नाही, हाडं ठिसूळ होतात आणि ते कुठल्याही दुखापतीशिवाय लंगडतं. तिथं इंजेक्शनानं दोन दिवस बरं दिसेल, दुखणं खाद्यात आहे. खानावळीतल्या मटणाच्या नळ्याही निवडून काढा. त्या टाळूत आणि घशात अडकतात.

12. एकाच वेळी चार-पाच लंगडतायत, लाळही गळतेय.

ही दुखापत नाही. नाकाच्या शेंड्यावर, जिभेवर, खुराच्या कडेला फोड असतील तर लाळ्या-खुरकूत समजा. डुक्कर हा विषाणू श्वासावाटे प्रचंड सोडतं आणि शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी त्यात सापडतात. सगळी ये-जा बंद करा आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. फोड नाहीत, पण जोराचा ताप, कान-पोट लालसर निळं आणि पटापट मरतूक असेल तर आफ्रिकन स्वाइन फीव्हर किंवा साधा स्वाइन फीव्हर असू शकतो. आफ्रिकन फीव्हर 2020 मध्ये ईशान्येकडून आपल्या देशात आला, त्यावर औषध नाही. अशा वेळी एकही डुक्कर बाहेर विकू नका.

13. पिल्लांना खच्ची करताना भूल किंवा वेदनाशामक खरंच लागतं का? “लहान आहेत, त्यांना कळत नाही” असं म्हणतात.

कळतं. पहिल्या सात दिवसांत करा, त्या वयात जखम लहान राहते आणि लवकर भरते. पण दुखणं त्या वयातही असतं. खच्ची केलेलं पिल्लू नंतर थरथरतं, मागचा भाग जमिनीला घासतं, सडाशी मागं पडतं. मेलॉक्सिकॅम आधी द्यायला डॉक्टरांना सांगा, कारण औषधाला चढायला वेळ लागतो. कापताना होणारं दुखणं त्यानं थांबत नाही, त्यासाठी जागा बधिर करावी लागते. मोठ्या नराला तर भुलीशिवाय हात लावू नका. नंतर कोरडं पिंजर घाला, ब्लेड प्रत्येक पिल्लाला निर्जंतुक करून वापरा.

14. शेपटी चावून रक्तबंबाळ केलीय.

चावलेल्याला आणि चावणाऱ्याला, दोघांनाही बाहेर काढा. जखम प्रश्न 8 प्रमाणे. शेपटीतला पू मणक्यातून वर चढतो आणि महिन्याभरानं मागचे पाय जातात, म्हणून ही जखम छोटी समजू नका. मग कारण शोधा. गर्दी, उष्णता, अपुरं पाणी, मिठाची कमतरता किंवा चघळायला काहीच नसणं.

15. गाठ आलीय. ब्लेडनं फोडू का?

मानेवर इंजेक्शनाच्या जागी गरम, हळूहळू मऊ होत जाणारी गाठ बहुतेक गळू असते. ती पिकल्यावर डॉक्टर खालच्या बाजूनं चीर देतात, म्हणजे पू आपोआप निथळतो. कान फुगून पाण्याच्या पिशवीसारखा झाला असेल तर आत रक्त साचलंय. तो लगेच फोडला तर रक्त थांबत नाही. खरजेमुळं डोकं झटकतंय का ते बघा. आणि बेंबीची किंवा जांघेतली गाठ कधीही फोडू नका. ती हर्निया असेल तर आत आतडं असतं. पिल्लाला उताणं केल्यावर गाठ आत जात असेल तर हर्नियाच समजा.

16. मादी व्यायल्यापासून उठत नाही.

ताप आहे, कास कडक आणि पिल्लं उपाशी ओरडतायत, तर कासदाह आणि गर्भाशयाचा दाह. त्याच दिवशी उपचार हवा. यातलं वेदनाशामक पिल्लांसाठीही असतं, कारण दुखणारी मादी पान्हा सोडत नाही. ताप नाही पण मागचे पाय ओढतेय, तर व्यायताना शीर दाबली गेली असेल किंवा हाड मोडलं असेल. दूध देऊन हाडं पोकळ झालेल्या माद्यांत पिल्लं तोडल्यावरही हे होतं. दर चार तासांनी कूस बदला, पाणी तोंडापाशी न्या, पिल्लांना दुसऱ्या मादीखाली लावा.

17. डोकं भिंतीला लावून उभं आहे, मध्येच झटके येतात. डोक्याला मार लागला असेल का?

आधी पाण्याचं निप्पल दाबून बघा. लोडशेडिंगनं टाकी रिकामी, नळी तुंबलेली, वर खारट हॉटेल वेस्ट, की डुकराच्या मेंदूला मीठ बाधतं. पाणी तुटलंय असं दिसलं तर एकदम भरपूर पाणी देऊ नका, मेंदूला सूज येऊन ते तिथंच मरतं. थोडं थोडं, तासातासानं, डॉक्टर येईपर्यंत. इथं वेदनाशामकाचा उपयोग नाही. प्रश्न 4 मध्ये आधी पाणी द्या म्हटलंय, ते थोडं थोडं याच्यासाठीच.

18. पाय मोडलाय. जगेल का?

लहान पिल्लाचं साधं मोडलेलं हाड पट्टी आणि विश्रांतीनं जुळतं. मोठ्या डुकराचं वरचं हाड मोडलं, हाड बाहेर दिसतंय किंवा दोन्ही मागचे पाय गेले, तर जुळत नाही. तेव्हा डॉक्टरांना बोलावून त्याला शांतपणे संपवणं हाच उपचार राहतो. टेम्पोत घालून लांब नेऊ नका. प्रत्येक खड्ड्याला ते मोडलेलं हाड हलतं.

19. औषध दिल्यावर विकायचं कधी?

लेबलवर मांसासाठीची मुदत असेल तर ती पाळा. मुदत दिलेलीच नसेल तर आपल्या नियमाप्रमाणे किमान 28 दिवस. वहीत तारीख, औषध, डोस आणि डुकराची खूण लिहा. भूल देऊन संपवलेल्या डुकराचं मांस कुणीही खायचं नाही, कुत्र्यालाही नाही.

20. पाय मोडलाय, कापायचंच आहे. इंजेक्शन दिलं तर मांस वाया जाईल, म्हणून न देता दोन दिवस ग्राहकाची वाट बघू का?

हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात, आणि विचारणाऱ्याची अडचण मला कळते. एका डुकरात घरचे महिन्याचे पैसे असतात. तरीही नको. डॉक्टरांना लगेच बोलावा आणि तासाभरात एक काहीतरी ठरवा. जनावर निरोगी आहे, ताप नाही, आधीचं औषध अंगात नाही असं त्यांनी सांगितलं तर कायदेशीर ठिकाणी त्याच दिवशी कत्तल होऊ शकते. जवळपास तशी सोय नसेल किंवा त्या दिवशी जमत नसेल, तर इंजेक्शन द्या आणि मांसाचा विचार सोडा. ग्राहक परवा येणार म्हणून मोडक्या पायाचं डुक्कर दोन रात्री तसंच ठेवलेलं मी पाहिलं आहे. ग्राहक आला नाही. दुसऱ्या रात्री ते पाण्याच्या भांड्यापर्यंतही सरकलं नाही, आणि भांडं त्याच्यापासून दोन हातांवर होतं.